बाबांच्या बुलेटचा जुना सायलेन्सर

दादा,

तू फोन उचलून नाही राहिला, म्हणून लिहून ठेवते. आईले घेऊन मी उमरेडले मावशीकडे चालली.

बाबा होते तेव्हा कोपऱ्यावर बुलेटचा आवाज आला की आई तवा ठेवायची. ते गेले आणि तू कंपनीचा सायलेन्सर काढून तो फाडफाड वाजणारा लावला. मी तेव्हाच म्हटलं होतं, बाबांच्या गाडीले हात लावू नको. पण तू ऐकशील तर ना!

आज संध्याकाळी तोच जुना धकधक आवाज आला. आईनं भाकर टाकली. मले वाटलं, तू कंपनीचा सायलेन्सर परत बसवून आला. खूश होऊन दार उघडलं, तर गल्ली रिकामी. आवाज मागच्या टिनाच्या शेडमधून येऊन राहिला होता. मी आत गेली तसा थांबला. तू काढलेला सायलेन्सर खिळ्याले टांगलेलाच होता. हात लावला, तर तळव्याले फोड आले.

आई घाबरली नाही. म्हणे, "गाडी शोधून राहिले असतील."

तुझा डबा फ्रिजमध्ये आहे. ओट्यावरचं झाकलेलं ताट बाबांचं आहे, आईनं वाढलं. तू आल्याबरोबर जुना सायलेन्सर बसवजो, फडक्यानं धरजो. पण आधी ते ताट उघडून पाहाजो. रिकामं दिसलं तर काहीच बसवू नको. गाडीची चाबी ताटाजवळ ठेव आणि तू बसनं ये.

रोशनी