दप्तरावरचं तोंड

सुर्ला, रविवार संध्याकाळ. उद्या शाळेचा पहिला दिवस.

महिनाभर मी शेजारच्या खोलीतल्या रेणुकाला एकच शिकवत होते: वर्गात मोठ्यानं नाव सांगायचं. आईबाप बेळगावहून बांधकामावर आलेले; पोर पाववाल्या पोदेरालाही लाजायची.

आज दप्तरवाटप झालं. दप्तरावर हे एवढं मोठं, देणाऱ्या शेटचं तोंड! माईकवर काय, तर ‘गरिबांची मुलं’. नाव एकीलाही विचारलं नाही. रेणुका परत मुकी. मदत म्हणायची ही?

घरी आल्यावर म्हणाली, “मावशी, हे शेट रोज माझ्या पाठीवर बसणार?”

शेजारीण हसली, “बसूं दी गो, फुकटचं दप्तर!”

फुकटचं? जाहिरात वाहायची मजुरी कुणी दिली पोरीला?

जुना परकर फाडून शेटच्या तोंडावर ठिगळ लावलं.

“मावशी, मिशी दिसते अजून!” रेणुका ओरडली.

ठिगळ वाढवलं.