उठते आणि उठतो

४ फेब्रुवारी १९५७, सोमवार

आजही यांचा निबंध मीच लिहिला! तिसरा.

हे शिकले उर्दूत. मराठी घडाघडा बोलतात, पण लिहायचं म्हटलं की घाम फुटतो. आणि कचेरीचा हुकूम — मार्चअखेर मराठीची परीक्षा पास करा, नाहीतर नोकरीत कायम होणं विसरा. दिवसभर फायली, संध्याकाळी औरंगपुऱ्यात वर्ग. घरी येतात ते घास हातात धरून पेंगतात. काय करू? मी मॅट्रिक, माझा हात झरझर चालतो. विषय होता 'माझा दिनक्रम'. सकाळी यांनी बघून बघून वहीत उतरवला.

देवापुढं बसले तर नजर वर होईना.

७ फेब्रुवारी

लाज, लाज! निबंधात मी लिहून गेले — 'मी पहाटे उठते, स्नान करते.' यांनी तसंच्या तसं उतरवलं. मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. "या बाई कोण?" वर्ग खो खो हसला. "कुणाचं बघून लिहिलंत?"

तर यांच्याच कचेरीतले गयासभाई उठले. "माझ्या वहीतून, साहेब. मला मराठीत बाईमाणूस कळत नाय. बायकोला 'आला का' म्हणतो, बापाला 'आली'!"

पुन्हा हशा. मास्तर मात्र हसले नाहीत. नक्कल पुरवली म्हणून गयासभाईंचं नाव परीक्षेच्या यादीतून कापलं. यांना नुसती समज.

घरी मी विचारलं, "तुम्ही बोलला नाहीत?"

"तोंड होतं का बोलायला?"

११ फेब्रुवारी, सोमवार

उपास. साबुदाणाही नको वाटला. महादेवाला बेल वाहिला. वाटलं, तो म्हणतोय — माझ्याकडं कशाला येतीस, पडेगावला गयासच्या दारात जा.

यांना म्हटलं, मास्तरांना खरं सांगा. "म्हणजे माझं नाव जाईल. मग काय खाशील — बेल?"

१३ फेब्रुवारी

गयासभाई दारावरून चालले होते. हाक मारली. ओट्यावर टेकले, पाणी प्याले. मी पदर डोळ्यांना लावला. तेच म्हणाले, "भाभी, पयल्याच ओळीत वळखलं मी. एवढं चोख मराठी आमच्या कचेरीत कुणाचं हाय? रडू नका. पुढल्या साली बसंन मी."

पुढल्या साली! कायमची जागा काय गयासभाईंसाठी थांबणार आहे? घरी बायकोला, मुनिराला, सांगितलंय म्हणे — फॉर्म हरवला.

माझ्या एका अक्षरापायी आता तिच्याशीही खोटं.

१४ फेब्रुवारी

जुन्या लग्नपत्रिकेची पाठ कोरी होती, तीवर मास्तरांना चिठ्ठी लिहिली — 'बद्रीनाथरावांचा निबंध मी लिहिला. मी बाई, म्हणून "उठते" आलं. गयासभाईंचा काही दोष नाही.' खाली सही.

यांचं नाव! उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, नि आज लिहिलं ते यांना बुडवायला. देवघरात चिठ्ठी ठेवली. नेऊन द्यायचा धीर नाही.

१५ फेब्रुवारी

सकाळी पूजेला बसले तर चिठ्ठी नाही! दिवसभर जिवात जीव नव्हता. हे वर्गातून लवकर आले. टोपी खुंटीला अडकवली.

"दिली तुझी चिठ्ठी," म्हणाले. "गयासचं नाव लागलं. माझं कापलं. वाढ जेवायला."