पंपाने हवा धरली आहे

सोमवार, ३ तारीख. सकाळी.
ही वही डॉक्टरच्या हुकमाने. रोज वजन, पाणी, गोळ्या लिहायच्या. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगणार आणि सूनबाई लिहिणार. जसंच्या तसं लिही, असं तिला बजावलं. वाचणार कोण आहे.
डॉक्टर म्हणजे कालचं पोर. मिसरूड फुटलं नाही आणि मला सांगतो, आजी, हृदय पंपासारखं असतं, तुमचा थकलाय. पंप म्हणजे काय हे याने मला शिकवावं. चाळीस वर्षं नवऱ्याने पंप दुरुस्त केले आणि पाने-पकडी मी हातात दिल्या.
सोळाला तपासणी. पास झाले की तिसऱ्या मजल्यावर, माझ्या खोलीत. तोवर लेकाकडे तळमजल्यावर पाहुणी. वजन ५८.

मंगळवार, ४.
सूनबाई शाळेत सायन्स शिकवते. तिने चित्र दाखवलं. हृदयाला चार कप्पे. उजवी बाजू रक्त फुप्फुसात धाडते, तिथून ते हवा घेऊन डावीकडे येतं, मग अंगभर. म्हणजे एका बॉडीत दोन पंप. एवढं सांगायला अर्धा तास. वर्गातल्या मुलांची कीव आली. एकच कामाचं बोलली: पायांच्या शिरांत झडपा असतात, रक्त परत खाली घसरू नये म्हणून. म्हणजे फूट व्हॉल्व्ह. हे आधी सांगायला काय झालं होतं?

गुरुवार, ६.
निदान झालं. मी केलं. दम लागतो, पाय सुजतात, म्हणजे पंपाने हवा धरलीय, पाणी ओढत नाही. इलाज एकच, वरून पाणी ओतायचं. डॉक्टर म्हणतो, दिवसाला सहाच पेले, वर लघवीची गोळी. म्हणजे आधीच कोरड्या पंपाची टाकीही रिकामी करा. असल्या मेकॅनिकला नवऱ्याने वर्कशॉपची पायरी चढू दिली नसती. आजपासून बारा पेले. गोळी कुंडीत. सूनबाईचं पेन थांबलं. लिही म्हटलं. लिहिलं तिने.

रविवार, ९.
वजन ६०. अंगी लागतंय. सूनबाई म्हणते, आई, तीन दिवसांत दोन किलो मांस चढत नाही, हे पाणी आहे, डॉक्टरांना फोन करते. मी म्हटलं, कर, मी आत्ता जिना चढून खोलीवर जाते. तिने फोन खाली ठेवला. सुनेला धाक हवा.
कुंडीतलं रोप सुकलं. गोळीचा गुण कळला.

मंगळवार, ११.
वजन ६२. चप्पल पायात जात नाही. हल्ली चपला धड करत नाहीत. शिवाय फूट व्हॉल्व्ह जाम. उद्यापासून पाय भिंतीला टेकवून, उताणं झोपायचं. पाणी उताराला लागेल. शेजारीण रिटायर्ड नर्स. म्हणाली, असलं काही करू नका, ते पाणी छातीत येईल. जन्मभर थर्मामीटर झटकले आणि आता अक्कल झटकतेय.

बुधवार, १२. दुपारी तीन.
सूनबाई शाळेतून आली. पाय भिंतीवर आहेत. सूज उतरतेय. छातीत घरघर. पंप चालू झाल्याचा आवाज. उशी नको म्हटलं. उशी दे. बसव. लिहू नको आता

शनिवार, १५. हॉस्पिटल.
कुंडीत टाकलेलं औषध तीन दिवस सुईतून, थेट शिरेत. चार किलो पाणी निघालं. डॉक्टरने वही मागितली. सूनबाईने एक शब्द गाळला नव्हता. त्याने माझ्या कॉटशी उभं राहून सगळी वाचली, मिसरुडाच्या टोमण्यासकट. हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, हवा नाही धरलेली आजी, पंप कमजोर आहे, पुढे ढकलता येत नाही ते मागे तुंबतं, पायांत आणि फुप्फुसांत. आणि तुम्ही वरून ओतत राहिलात. मग विचारलं, असा पंप आला तर आजोबा काय करायचे. मी म्हटलं, लोड कमी करायचे. तो म्हणाला, मग तीन मजले कसे चढणार?


मंगळवार, १८. तळमजला.
वजन ५७. पाणी सहा पेले. गोळी घेतली, सूनबाईसमोर. लेकाला सांगितलं, तिसऱ्या मजल्यावरची खोली रिकामी कर. तो म्हणाला, भांडी कुठे ठेवू. म्हटलं, बायकोला विचार, स्वयंपाकघर तिचं आहे. सूनबाई म्हणाली, आई, तुमची मोठी कढई इथल्या वरच्या कपाटात ठेवू की खाली, तुमच्या हाताशी.
म्हटलं, वर ठेव. मला आता उचलवत नाही.