पहिल्या पुळणीवरून माघारी

पुंडलिकनगर, औरंगाबाद

प्रिय चतुरा,

तुझ्या आजीचे आशीर्वाद. अक्षर वच्छलाबाईचं आहे, बोलणं माझं. वच्छलाबाई म्हणजे मागच्या गल्लीतली बालवाडीची बाई. मी 'लई' म्हटलं की ती 'खूप' लिहायला बघते. तिला आधीच बजावलंय, माझ्या तोंडाला वेसण घालू नको, आणि यातलं अवाक्षर जरी गल्लीत गेलं तर तुझ्या हातचा चहा मला बंद. आता हसतीये. हसू दे, पण लिही म्हणावं.

तुझ्याकडून येऊन महिना झाला. गुडघे अजून माझ्यावर रुसलेलेच आहेत. तुझ्या बापाला मी आल्या आल्या समुद्र सांगायला बसले, तर तो म्हणाला, माय, समुद्र राहू दे, पोरगी काय म्हणाली ते सांग. त्याचं तरी काय चुकलं? त्यानं मला धाडलं होतंच त्यासाठी. हर्सूलच्या आप्पासाहेबांच्या मुलाला तू दोनदा नको म्हणालीस. सरकारी दवाखान्यात सिस्टर झालेली पोरगी बापाचं ऐकत नाही, आजीचं ऐकेल, असा तुझ्या बापाचा, आमच्या नानासाहेबांचा हिशोब. म्हणून सोयगावची रानं आणि औरंगाबाद सोडून पलीकडचं काही न बघितलेली म्हातारी रात्रभर एसटीत बसून तुमच्या कोकणात आली. आणि तुला मी काय विचारलं? काहीच नाही. तुझ्या खोलीवर मासळीचा वास किती येतो एवढंच बोलत राहिले. तू पण माझीच नात, तू तरी कुठं काही बोललीस!

ते समुद्राकाठचं राखीव रान मात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. फाटकापाशी सरकारी पाटी होती, तिच्यावर काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर तू म्हणालीस, आरडाओरडा करू नये, म्हणजे आजी, तुझ्यासाठीच आहे. मग झाडांच्या बुंध्यांवर पांढरे बाण काढलेले. ते मला वाचता आले, बरं का. वर फांदीवर ते तांबूस जनावर बसलेलं, शेपूट एवढी मोठी की आधी शेपूट दिसली न् मग तिचा मालक. शेकरू म्हणालीस ना? आणि रान संपून एकदम ती वाळूची पुळण. डोंगराच्या दोन सोंडा दोन्हीकडून पाण्यात गेलेल्या, मधे पाणी कसं गुमान. मी समजत होते समुद्र म्हणजे अंगावर येणारा, आणि हा तर कुंपणात बसलेल्या मेंढरांसारखा, जागच्या जागी हलत होता. मी लुगडं घोट्यापर्यंत वर धरून उभी राहिले आणि पायाखालची वाळू पाण्यानं ओढून नेली तर तुझ्या गळ्यात पडून ओरडले. पाटी विसरले.

तिथंच तू मला कासविणीची वाट दाखवलीस. रात्री वर आली, अंडी घातली, पहाटे परत गेली. वाळूत बैलगाडीच्या चाकासारखी चाकोरी उमटली होती. अंडी होती तिथं चार काठ्या रोवून कुणी जाळी बांधली होती, आणि गाठी अशा बारीक की मी म्हटलं, ही बांधणारा माणूस जनावराला जीव लावणारा आहे. तू म्हणालीस, गार्ड आहेत एक, बन्सी नावाचे. आणि वारा नसताना ओढणी सारखी केलीस. हे मला तेव्हाच दिसलं होतं गं. दिसलं आणि सुटलं. इतकी वर्षं जनावरं राखली, पण त्या दिवशी माझं सगळं ध्यान गुडघ्यात.

मग तू म्हणालीस, आजी, सोंडेच्या पलीकडं दुसरी पुळण आहे. थोडी चढण, थोडी उतरण. मी बाटली मागितली तर म्हणालीस, पलीकडं गोड पाणी आहे, तिथं पिऊ. मी चढले पण. करवंदीच्या जाळीपर्यंत आले, तिथं दगडावर टेकले ते उठवेना. तू हात धरलास, म्हणालीस, आता थोडंच राहिलं. तुझा हात ओला होता. मी म्हटलं, उन्हानं. आणि त्या वेळी माझ्या तोंडून जे गेलं ते मला पाठ आहे, तुला पण असेल. मी म्हणाले, मला नाही प्यायचं तिथलं पाणी, चल माघारी. तू पुढं झालीस, काटे बाजूला करत मला उतरवलंस. संध्याकाळी भाकरी केलीस न् लगेच पाठ टेकलीस. मला वाटलं, थकलीस.

मी परत आले न् चौथ्या दिवशी तुझा फोन आला. बापाला म्हणालीस, हर्सूलचं ठरवा. घरात पेढे आले. तुझ्या बापानं माझ्या पायाला हात लावला, म्हणाला, माय, तू जादू केली. मी पेढा खाल्ला, चतुरा. लई गोड लागला.

परवा सोयगावची भागूबाई आली, माझी चुलत बहीण, तुला खाऊ म्हणून नेहमी गूळ आणायची ती. तिला मी समुद्र सांगत होते, कुणीतरी ऐकणारं मिळालं म्हणून तिखटमीठ लावून. सांगता सांगता गोड पाण्याचं सांगितलं आणि तिच्या हातातली बशी तशीच राहिली. म्हणाली, सारजे, पलीकडं पाणी घेऊन कोण उभं होतं गं?

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घराण्याची रीत तुला वेणी घालताना मीच सांगायची ना? आमचा मेंढरांचा वाडा रानोमाळ फिरायचा तेव्हा पोरीकडची जाणती बाई चालत मुलाच्या वाड्यावर जायची. मुलगा स्वतः तांब्या घेऊन पुढं यायचा. पाणी प्याली तर सोयरीक झाली. अर्ध्या वाटेतून माघारी फिरली तर नाही झाली, आणि मग कुणी कुणाला बोलायचं नाही, म्हणजे कुणाचा अपमान नाही. तुला तोंडानं सांगायची लाज वाटली, म्हणून तू माझीच रीत धरलीस. आणि मी पाणी नको म्हणून मोठ्यानं सांगून माघारी फिरले. त्या गार्डनं, बन्सीनं, किती वेळ वाट बघितली असेल? मी निघाले तेव्हा एसटीत माझी पिशवी चढवून दिली तो तोच ना? आजी, पाय बरे आहेत का, म्हणाला. आणि मी कंडक्टर समजून त्याला सुट्टे विचारले.

पहिला विचार मनात काय आला ते लपवत नाही. कोणाचा, कुठला, आपल्यातला आहे का, हेच आलं. रात्रभर तेच. मग सकाळी माझं स्वतःचं आठवलं. पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या साली माझी आजी अशीच चालत गेली आणि पाणी पिऊन आली. मी मेंढरांमागं होते. संध्याकाळी कळलं. तुझे आजोबा वाईट नव्हते, सोन्यासारखे होते. पण ती पाणी प्याली तेव्हा मला तहान होती का, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ही रीत मी तुला कौतुकानं सांगायची, आणि त्यात पोरगी कुठं बोलते हे आजवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

तर हे पत्र कशासाठी, ते ऐक. हर्सूलची माणसं सुपारी फोडायला यायची होती. मी अंथरूण धरलंय. घरात म्हातारी पडलेली असताना कोण सुपारी फोडतंय? डॉक्टर येतो, गोळ्या देतो, मी त्या उशीखाली घालते. पण हे सोंग पुनवेपर्यंतच टिकेल, कारण मला भूक लागते. त्या दिवशी माझे गुडघे माघारी फिरले, मी नाही फिरले, एवढं तुला सांगायचं होतं. त्या पोराला तू काय सांगितलंस, त्यानं काय मनावर घेतलं, मला ठाऊक नाही. उशीर झाला असेल तर ते माझ्या जिवाला लागून राहील. हर्सूलच म्हणालीस तर मी उठून हळद दळीन. त्याचं नाव घेतलंस तर तुझ्या बापाचं मी बघते, तो अजून माझ्यापुढं आवाज चढवत नाही. दुपारी फोन कर, तो हापिसात असतो. मी अंथरूण बैठकीतच टाकून घेतलंय. फोन मीच उचलीन आणि एवढंच विचारीन, चतुरा, तुला कोण पाहिजे? मला हे कधी कुणी विचारलं नाही, म्हणून विचारायचं कसं ते नीट येत नाही. तू मात्र तोंडानं सांग.

तुझीच, फोनपाशी पडलेली,
सारजा आजी