रोज्यात ठोकलेली सही

अरिबा,
रोजा सोडायला माजी वाट बघू नगंस, खजूर डब्यात हाय. मी भोरच्या दवाखान्यात चाललीय.

तुज्या त्या शाळेच्या बातम्यांच्या ब्लॉगवर तू लिवलंस, ‘माज्या दादीनं शाळेच्या खिचडीची चव घेऊनच चवीच्या वहीत सही केली, पोरी उन्हानं चक्कर येऊन पडल्या.’ मला इचारलंस का गं, शहाणे? रोजा धरलेली बाई चव घेईल व्हय? म्या खिचडी शिजवली आन् नुसती सही ठोकली. पोरी म्हणल्या कडू लागतंय, तर म्याच दटावलं, गुमान जेवा.

तुज्या वर्गातली रत्ना अजून डोळं उघडत न्हाई. तिच्या आईला मी तोंडानं सांगते. तू खरं काय ते ब्लॉगवर लिव, माज्या नावानिशी. आडनाव तुजं बी तेच हाय, म्हणून गाळू नगंस.

दादी