जनाबाईंचा रेडिओ

जून १९८५, गुरुवार, संध्याकाळ

आज सुटलो. आधी हे लिहून काढतो.

सावनेरच्या जनाबाईंना मी तीनदा 'उद्या या' म्हणून माझ्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानातून परत पाठवलं होतं. शेवटी लाज वाटून परवा त्यांचा रेडिओ स्वतः पोचवायला निघालो, तर एसटी स्टँडवर पोलिसांनी धरलं. हल्ली रेडिओत बॉम्ब ठेवतात म्हणे, आणि माझ्या पिशवीत रेडिओ, सेल, वायरी! दोन दिवस एकच प्रश्न: "कोणासाठी नेत होता?" जनाबाईंचं नाव घेतलं की हसायचे. रेडिओ मात्र ठाण्याच्या अंगणात वाळूच्या पोत्यांआड. हात लावायला कोणी तयार नाही.

आज दुकानात चौकशी करून जनाबाईच ठाण्यात आल्या. "माहा रेडिओ हाय तो. याले काहून धरलं?" म्हणत सरळ पोत्यांकडे गेल्या.

इन्स्पेक्टरनी मला फर्मावलं, "चालू करून दाखव." आणि शिपायांसकट व्हरांड्यात मागे सरले. जनाबाई रेडिओवर हात ठेवून उभ्या. "लाव गा."

खरखर झाली, मग बातम्या लागल्या.

कसे फेडू हे उपकार? दुरुस्ती माझ्याच हातची, तरी बटण फिरवताना मी डोळे मिटले होते. उघडले, तेव्हा जनाबाईंचा हात तिथेच होता.