कडुनिंबावरची गुळवेल

बाळापूर, ५ जुलै २०२४

चि. सौ. जमुनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोललो की सूनबाई कान देते, म्हणून हे पत्र. अकोल्याच्या दवाखान्यातल्या शाहीन सिस्टरचा मला भरवसा वाटत नाही. तू दिलेली किडनी वर्षभर चांगली चालली आणि आता म्हणे रक्तात क्रिएटिनिन वाढलं, किडनी थकत चालली. गोळ्या चुकवता का, दुसरं औषध घेता का, हेच ती उलटून-पालटून विचारते. मी काय चोर आहे? एकही गोळी चुकवली नाही, दुसरं औषध नाही. यांनीच गोळ्या बदलल्या असतील आणि खापर माझ्यावर. सूनबाई म्हणते, बुढ्याले आता सगळ्याईचाच संशय येऊन राहिला. म्हणो बापडी. तुझ्या गुळवेलीच्या काढ्यावर अजून उभा आहे. पिशवी संपत आली, धाडून दे.

लोभ आहेच, तो तसाच असू दे.
तुझा दादा, पंजाबराव

अमरावती, ११ जुलै २०२४

ती. दादांना शि. सा. नमस्कार. वि. वि.

पिशवी धाडत नाही. शाहीन सिस्टरचा मलाही फोन आला. आधी मीही संशयच घेतला; किडनी तर देऊन झाली, आता हिला आणखी काय हवं? भाऊ घरी काय खातो-पितो, असं तिने विचारलं. मी फुशारकीने सांगितलं की आमच्या शेतातल्या कडुनिंबावरची गुळवेल मी स्वतः वाळवून पाठवते, त्याने अंगात ताकद राहते. मग तिने समजावलं, की दुसऱ्याची किडनी आपलं अंग परकी समजून हाकलू पाहतं, म्हणून गोळ्यांनी त्याचा जोर मुद्दाम कमी ठेवतात. गुळवेल तोच जोर वाढवते. दादा, माझी किडनी मीच तुमच्या अंगातून हाकलत होते. सूनबाईला फोनवर सांगितलं आहे, पण तुम्ही तिचं ऐकायचे नाहीत, म्हणून माझ्या किशोरच्या हाती हे पत्र. काढा फेका आणि त्याच्याबरोबरच अकोल्याला जा.

माया आहे तशी ठेवा.
तुमची जमुना

बाळापूर, २१ जुलै २०२४

चि. सौ. जमुनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आठवडाभर दवाखान्यात राहून परवा घरी आलो. काढा कोणी दिला, असं डॉक्टरांनी सगळ्यांदेखत विचारलं. मी म्हटलं, आमच्या शेताच्या धुऱ्यावरची वेल मीच तोडली. शाहीनला खरं ठाऊक होतं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, पण तुझं नाव घेतलं नाही. या पोरीला मी किती नावं ठेवली! मागाहून तिला सांगितलं, की आमच्याकडे काढ्याला कोणी औषध म्हणत नाही. तुम्ही औषध विचारता, मग आम्ही नाहीच म्हणणार. तिला ते पटलं. आता प्रत्येक पेशंटला ती विचारते, की घरून, पाहुण्यांकडून काय काय येतं.

क्रिएटिनिन थोडं उतरलं. पुरतं उतरेल का, ते कोणी सांगत नाही.

तू रडत बसू नको. एकदा दिलंस तेवढं पुरे आहे. राखीला ये, आणि यंदा रिकाम्या हाताने ये.

तुझा दादा